मंत्री, स्वल्पविराम

“खातं?” बाईंनी विचारलं.

“खातं नाही,” मी म्हणालो.

“मग पगार जमा कुठं करू?”

“खात्यात.”

वेतन शाखेच्या खिडकीमागे बसलेल्या लोणकरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि मी तोच आहे याची खात्री करून घेतली. “आत्ताच तुम्ही म्हणालात, खातं नाही.”

“बँकेत खातं आहे. मंत्र्यांना खातं नाही.”

“म्हणजे?”

“बिनखात्याचे मंत्री आहेत.”

बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की मंत्र्याचा पगार त्याचं खातं काढतं. कृषिमंत्र्यांचा कृषी खातं काढणार, वनमंत्र्यांचा वन खातं. ज्याला खातंच नाही त्याचा पगार काढणार कोण? शेवटी त्या खिडकीतून जरा पुढे वाकून म्हणाल्या, एखादं लहानसं तरी घ्या ना, मत्स्यव्यवसाय वगैरे. जणू येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ते आणायचं मी विसरलो होतो.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे ते दिवस. ते सरकार तुम्हाला आठवणार नाही. ते इतकं कमी टिकलं की त्याचं कॅलेंडर छापून आलं तेव्हा कॅलेंडरवरचे निम्मे फोटो विरोधी पक्षात होते. मी पंचविशीत होतो, मराठीत एम. ए. झालेलो, म्हणजे बोलायला पुष्कळ आणि खायला काही नाही अशा अवस्थेत. नामदार बापूराव घोंगे यांचा मी विशेष कार्य अधिकारी होतो. कार्य नव्हतं. अधिकार नव्हते. पदही नव्हतं, कारण पद खात्यात निर्माण करावं लागतं. उरला होता तो फक्त ‘विशेष’.

बापू अपक्ष म्हणून निवडून आले होते. सरकार बनायला एक मत कमी पडत होतं आणि ते मत त्यांच्याकडे होतं. घाईघाईत शपथ दिली गेली, खातं दोन दिवसांत सांगतो असं मुख्यमंत्री म्हणाले, आणि दोन दिवस काही संपेनात. अधिवेशनासाठी बापूंना जी कॉटेज मिळाली तिच्यावर पाटी रंगवायला इस्माईलभाई आले. त्यांनी हाताच्या सवयीने लिहिलं, ‘ना. बापूराव घोंगे, मंत्री,’ आणि ब्रश हवेत धरून विचारलं, पुढं काय? पुढं काय ते मुख्यमंत्र्यांनाही माहीत नव्हतं. इस्माईलभाईंनी स्वल्पविराम तसाच ठेवला, त्याच्यापुढं हातभर जागा सोडली, आणि खातं आलं की निरोप धाडा म्हणून सांगून पुढच्या बंगल्याकडे गेले.

त्या स्वल्पविरामासमोर बापू दिवसभर येरझारा घालत. त्यांना बसवतच नसे. कॉटेजमध्ये सरकारी सोफा होता, त्याला ते बैलबाजारातल्या दलालाकडे बघावं तसं बघत आणि वळसा घालून जात. चहा उभ्याने, जेवण चालता चालता, एका खांद्यावरचा दुपट्टा दुसऱ्या खांद्यावर. त्यांच्यामागे फिरून फिरून माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

बापूंना कुठलंही खातं चालणार नव्हतं. त्यांना पशुसंवर्धन हवं होतं. त्यांच्या आसरखेड गावात गुरांचा दवाखाना होता. इमारत होती, फरशी होती, औषधांचं कपाट होतं, उद्घाटन तर दोनदा झालं होतं. डॉक्टर कधीच आला नव्हता. दवाखान्यात गुरं मुक्कामाला असत, फक्त उपचार तेवढे होत नसत. एका उन्हाळ्यात बापूंच्या बैलाचं पोट फुगलं. त्याला गाडीत घालून तालुक्याला नेताना दुसरा बैल एकटा जुंपता येईना, म्हणून एका बाजूचं जू बापूंनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. बैल वाटेत गेला. बापू ही गोष्ट कधी सांगत नसत. गावातले लोक सांगत. बापूंनी निवडणुकीत एकच गोष्ट सांगितली होती: डॉक्टर आणतो.

खात्यावर माझंही काही अडलं होतं. रेवती गावंडे आणि मी अमरावतीला एका वर्गात होतो आणि वर्ग संपल्यावरही एकत्र राहायचं आमच्यात ठरलं होतं. तिचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलगा कुठल्या खात्यात? मी म्हणालो, मंत्र्यांच्या कार्यालयात. ते म्हणाले, ते कळलं, कुठल्या खात्याच्या? मी खरं ते सांगितलं. गावंडेसाहेब बराच वेळ भिंतीवरच्या स्वतःच्या निरोपसमारंभाच्या फोटोकडे बघत राहिले. पाटबंधाऱ्यातल्या माणसाने मुलगी बिनखात्यात कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. अधिवेशन संपेपर्यंत थांबतो, म्हणाले. दुसरं एक स्थळ होतं. कुणी डॉक्टर म्हैसने. सरकारी नोकरीत होते, पण त्यांनाही नेमणुकीचं ठिकाण मिळालेलं नव्हतं.

“बाबांनी तुमची शर्यत लावली आहे,” रेवती एसटीडी बूथवरच्या फोनमध्ये म्हणाली. “ज्याची ऑर्डर आधी येईल तो. तू काहीतरी कर. आणि विनोद सोडून काहीतरी कर.”

लोणकरबाईंच्या खिडकीवरून मी कॉटेजवर परतलो तेव्हा मुख्यमंत्र्यांचे सचिव केळुसकर व्हरांड्यात उन्हाला बसले होते. ते मूळचे मालवणचे. नागपूरची थंडी त्यांनी माकडटोपी, मफलर आणि नाराजी अशी तीन थरांत अंगावर घेतली होती. केळुसकर तोंडाने बोलत नसत, परिपत्रक काढत. मी चहा घेणार का विचारलं तर म्हणाले, “चहा घेण्यास हरकत नसावी.”

ते निरोप घेऊन आले होते. मंत्री आणि विधिमंडळातले पदाधिकारी यांचं वेतन ठरवण्यासाठी समिती नेमली जात होती, आणि तिचे अध्यक्ष म्हणून बापूंचं नाव होतं. बापू चालता चालता थबकले. मलेच पगार मिळत नाही, मी दुसऱ्याचा काय ठरवू, असं त्यांनी विचारलं.

“ज्यांना वेतन मिळत नाही त्यांच्या निःपक्षपातीपणाबाबत शंका घेण्यास वाव राहत नाही,” केळुसकर म्हणाले.

त्याचा मराठी अनुवाद मी बापूंना नंतर करून सांगितला. मंत्र्यांचा पगार वाढला की पेपरवाले शिव्या घालणार. त्या शिव्या खायला रिकामा माणूस हवा होता. आणि त्याच्या बदल्यात, अहवाल सादर झाल्यावर, पशुसंवर्धनाचा ‘सहानुभूतिपूर्वक विचार’ होणार होता. ते खातं अजून कुणाला दिलेलं नव्हतं, मुख्यमंत्र्यांकडेच पडून होतं.

“सहानुभूती म्हंजे देतील का?” बापूंनी मला विचारलं.

“अर्धं देतील,” मी म्हणालो. “सहानुभूती देतील, पूर्वक मागाहून.”

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच व्हरांड्यात भरली. सदस्य तीन. एक बापू. दुसरे विरोधी पक्षाचे मुख्य प्रतोद वाकोडे. तिसरे विधानसभेचे उपाध्यक्ष, ते इतर देशांत वेतन कसं ठरवतात हे पाहायला परदेशी गेले होते आणि अजून पाहतच होते. अहवाल केळुसकरांनी तयार करून आणला होता. मंत्र्यांना वाढ, सभापतींना वाढ, विरोधी पक्षनेत्याला वाढ. फक्त सह्या उरल्या होत्या.

वाकोडे हा मोठा मोकळा माणूस. समितीत आपला पूर्ण पाठिंबा आहे, सभागृहात मात्र आपण निषेध करून सभात्याग करणार, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. फक्त सभात्याग जेवणाच्या सुट्टीला लागून ठेवा, म्हणजे दोनदा जिने चढावे लागणार नाहीत, एवढीच त्यांची विनंती होती. शिवाय प्रतोदाचा पगार राज्यमंत्र्याच्या बरोबरीचा हवा होता.

बापू वाकोड्यांच्या खुर्चीभोवती फिरत होते. त्यांनी विचारलं, प्रतोद म्हणजे नेमकं काय? मी म्हणालो, शब्दाचा अर्थ आसूड.

“आमदारांना मतदानाला हाकून आणायचं काम असतं,” वाकोडे म्हणाले.

“आमच्याकडं आसुडाले पगार नसते,” बापू म्हणाले. “हाकणाऱ्याले असते.”

वाकोडे मनापासून हसले. मग म्हणाले, मी दोन्ही आहे समजा आणि दोन्हींच्या मधला आकडा टाका.

केळुसकरांनी सहीसाठी पेन पुढे केलं. बापूंनी ते घेतलं आणि पेन घेऊनच अंगणात एक फेरी मारून आले. येताना त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजलेलं होतं. मजुराचा खाडा पडला तर हजेरी कापतात की नाही, असं त्यांनी केळुसकरांना विचारलं. कापण्याची तरतूद आहे, केळुसकर म्हणाले. मग मंत्र्याचा खाडा कसा धरायचा? केळुसकरांच्या मते मंत्र्याच्या बाबतीत खाडा ही संकल्पना लागू करता येणं दुरापास्त होतं.

“काहून?” बापू म्हणाले. “खात्यातली जागा रिकामी, म्हंजे तथी खाडाच पडला ना. आसरखेडले डॉक्टर नाही. दवाखाना बांधल्यापासून रोज खाडा आहे. मंग त्या खात्याच्या मंत्र्याले वाढ कायले? लिही रे काळमेघ. ज्याच्या खात्यात खाडा, त्याले वाढ नाही.”

काळमेघ म्हणजे मी. मी ते सरकारी मराठीत उतरवलं: ‘ज्या खात्यात एकही पद रिक्त असेल त्या खात्याच्या मंत्र्यास सदर वाढ अनुज्ञेय राहणार नाही.’ वाक्य इतकं गुळगुळीत झालं की मलाच त्याचा अभिमान वाटला. केळुसकर म्हणाले, असे करणे संयुक्तिक होणार नाही. पण सही सचिवांची नव्हती, सदस्यांची होती. वाकोड्यांनी वाक्य एकदा वाचलं, मग परत वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“प्रतोदाकडे खातं असतं का हो?” त्यांनी केळुसकरांना विचारलं.

“नसते.”

“विरोधी पक्षनेत्याकडे?”

“नसते.”

“खातंच नाही तर त्यात रिकामी जागा कुठून येणार? म्हणजे आम्हाला वाढ मिळणार. फक्त मंत्र्यांना नाही.” वाकोड्यांनी केळुसकरांच्या हातून दुसरं पेन ओढून घेतलं आणि सही केली. तिघांतल्या दोघांच्या सह्या झाल्या. अहवाल मंजूर.

बापू त्या दिवशी प्रथमच एका जागी बराच वेळ थांबले. त्यांना वाटलं, आता सगळे मंत्री धावतपळत रिकाम्या जागा भरतील. शाळेत मास्तर येतील, धरणावर चौकीदार येतील आणि आसरखेडला डॉक्टर येईल. मलाही तसं वाटलं, हे मी आज लिहून ठेवतो, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सकाळी पेपर आले. मथळा होता: ‘बिनखात्याच्या मंत्र्याने घेतली स्वतःलाच पगारवाढ’. बातमी बरोबर होती. राज्यात एकही खातं असं नव्हतं की जिथं जागा रिकामी नाही. त्यामुळे सगळ्या मंत्रिमंडळात वाढीला पात्र असा एकच मंत्री उरत होता, ज्याच्याकडे खातंच नव्हतं. ज्याचा मूळ पगार निघत नव्हता त्याला तेवढी वाढ मिळणार होती. लोणकरबाईंनी निरोप धाडला की वाढ द्यायला त्यांची हरकत नाही, फक्त ती कशात मिळवायची ते कळवा.

त्यानंतर जे झालं ते आम्हा दोघांच्याही हिशेबात नव्हतं. दहाच्या सुमारास क्रीडामंत्री आले. इकडचं तिकडचं बोलले, पाटीकडे टक लावून पाहिलं, आणि आवाज खाली आणून मला विचारलं की आपलं खातं तात्पुरतं कुणाकडे ठेवता येतं का. गावाला जाताना शेजाऱ्याकडे म्हैस बांधून जातात तसं. ते बाहेर पडतात तोच आणखी एक मंत्री आले, त्यांना माझ्या वाक्यातल्या ‘एकही’ या शब्दाचा काही दुसरा अर्थ निघतो का ते हवं होतं. मी एम. ए. मराठी असल्याने दिवसभर लोक मला ‘एकही’चा अर्थ विचारत होते. विद्यापीठाने तो कधी विचारला नव्हता.

जे हुशार होते ते आमच्याकडे आलेच नाहीत. त्यांनी आपापल्या सचिवांना बोलावून सांगितलं की रिकामी पदंच रद्द करून टाका. पद नसेल तर ते रिकामं कसं राहणार? दुपारपर्यंत मास्तरांच्या, परिचारिकांच्या, चौकीदारांच्या जागा रद्द करायचे प्रस्ताव निघाले. बापूंना ही खबर वाकोड्यांनी दिली, ते सभात्याग करून जेवायला जाता जाता आले होते. त्यांना हसू आवरत नव्हतं. बापूंचा चेहरा पाहिल्यावर मात्र त्यांनी पानाचा डबा बंद केला आणि निघून गेले.

बापू अंगणात चालायला लागले. आता ते फेऱ्या मारत नव्हते, नुसतेच चालत होते. भिंत आली की थांबत, भिंतीला विचारल्यासारखं करून वळत. मी मागे होतो.

“म्या त्या पोराबाळायच्या शाळेतले मास्तर घालवले का रे?” त्यांनी विचारलं.

मला एक चांगला विनोद सुचला होता. तो मी केला नाही.

उन्हं कलायच्या आधी केळुसकर आले. या वेळी चहाला त्यांची हरकत होती. पशुसंवर्धनातही दीर्घकाळ रिकामी असलेली पदं रद्द करण्याचं योजलं आहे, ते म्हणाले, आणि त्यात सर्वांत दीर्घकाळ रिकामं पद आसरखेडचं असल्याने प्रारंभ तिथूनच होणार आहे. तथापि. ‘तथापि’नंतर ते जरा थांबले. ते वाक्य बापूंनी काढून टाकलं तर सगळेच प्रस्ताव मागे घेतले जाणार होते. अहवालाची नवी प्रत त्यांच्याकडे तयार होती. आणि त्याच्या बदल्यात मुख्यमंत्री बापूंना पशुसंवर्धन खातं द्यायला तयार होते. आजच.

आज खातं, उद्या पद, परवा माझी ऑर्डर. मी मनातल्या मनात गावंडेसाहेबांच्या दिवाणखान्यात जाऊन बसलोसुद्धा.

“खातं भेटलं म्हंजे मी डॉक्टर नेमू शकतो?” बापूंनी विचारलं.

“पदभरतीवर बंदी असल्याने पशुसंवर्धन मंत्र्यांना डॉक्टर नेमता येत नाही,” केळुसकर म्हणाले.

“मंग कोन नेमू शकते?”

“मुख्यमंत्री. विशेष बाब म्हणून.”

“तेही करा मंग.”

“एका सदस्यास एका वेळी एकच विशेष बाब करता येते. खाते ही एक विशेष बाब आहे. डॉक्टर ही दुसरी.”

बापू थांबले. दुपट्टा खांद्यावरून काढून हातात गुंडाळला. “डॉक्टर आहे का पन कुठं मोकळा?”

एक आहे, केळुसकर म्हणाले. पशुधन विकास अधिकारी. मागल्या पावसाळ्यापासून सक्तीच्या प्रतीक्षेत आहे, म्हणजे नोकरीत आहे पण ठिकाण नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढून नाव आठवल्यासारखं केलं. “डॉक्टर म्हैसने.”

गावंडेसाहेबांनी ‘डॉक्टर’ एवढंच सांगितलं होतं. कुणाचा, ते सांगितलं नव्हतं. चुलतभावांत सांगायला ‘डॉक्टर’ बरं पडत असावं.

शेजारच्या बंगल्यात कुणीतरी संत्र्याची पेटी फोडत होतं, खिळे निघायचा आवाज येत होता. बापूंना म्हैसने हे नाव माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की गावंडे नावाचा एक निवृत्त माणूस माझ्या खात्याची वाट बघतोय, आणि मुलीचं नाव रेवती.

“काळमेघ,” ते म्हणाले. “खातं घेतलं त तुही नोकरी पक्की होते. लग्न होते. डॉक्टर घेतला त आपुन दोघं असेच. मी तुले आनलं इथं. तू सांगशील तसं करतो.”

मी पाटीकडे पाहिलं. ‘मंत्री,’ आणि पुढं हातभर जागा.

“खातं उद्या काढून घेतील,” मी म्हणालो. “डॉक्टर घ्या, बापू.”

“मनापासून सांगतं का?”

“हो.”

“एकदा डॉक्टर गावात आला ना,” बापू केळुसकरांना म्हणाले, “मंग त्याले काढाले मोर्चा लागते. आन् मोर्चा आमचाच असते. आमी काढतच नाही.”

आदेश तिथंच टाईप करून सहीला न्यायचा ठरला. मशीन आत टेबलावर होतं. मी कागद चढवला. ‘विशेष बाब म्हणून डॉ.’ इथपर्यंत बोटं नीट चालली.

“काय झालं?” बापूंनी विचारलं.

“काही नाही. म्हैसनेतला न बाणाचा की नळाचा ते बघतोय.”

“नळाचा,” केळुसकर म्हणाले. मी नळाचा न मारला. पुढचं सरळ होतं.

केळुसकरांनी कागद उलटसुलट पाहिला, घडी केली, आणि जाताना पायरीवर थांबले. “माझ्या वडिलांची एक गाय होती,” ते म्हणाले. “कपिला.” त्यांच्या तोंडून ‘माझ्या’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनाही ते जाणवलं असावं. माकडटोपी खाली ओढून ते घाईने गेले. दिवेलागणीच्या आधी सहीशिक्क्यासह आदेश हातात आला. मगच बापूंनी नव्या अहवालावर सही केली.

पगारवाढीचं विधेयक दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी बाकं वाजवून मंजूर झालं. वाकोड्यांनी आधी सभात्याग केला आणि मग बाकं वाजवायला परत आले.

मी बूथवर गेलो. रेवतीला सांगितलं की म्हैसनेंची ऑर्डर निघाली.

“तुला कसं कळलं?”

“मीच टाईप केली.”

तिकडे बराच वेळ नुसता मीटर पळत होता. मग तिने विचारलं, “शुद्धलेखन बरोबर आहे ना?”

“हो.”

“आणि तुझं?”

मी म्हणालो, आमचा स्वल्पविराम आहे अजून. ती म्हणाली, तू एकदा तरी सरळ बोलणार आहेस का? माझ्यामागे रांगेत उभा असलेला माणूस काचेवर नाणं वाजवत होता. सरळ बोलायला जो एक शब्द लागतो तो मला त्या बूथमध्ये सापडला नाही. म्हणून मी ठेवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

उन्हाळ्यात सरकार पडायच्या बेतात होतं. बापूंना तोवर मुंबईत एक खोली मिळाली होती, तिथंही एक सोफा होता. टपालात एक लग्नपत्रिका आली. आसरखेडच्या नव्या डॉक्टरांनी मोठ्या आदराने पाठवलेली. बापू ती घेऊन खोलीभर फिरत मोठ्याने वाचत होते. चि. मुरलीधर म्हैसने. चि. सौ. कां. रेवती.

ते थांबले. “गावंडे,” ते म्हणाले. “तुह्यावाली?”

“हो.”

“त्या दिवशी नाव माहीत होतं तुले?”

“म्हैसनेतला ‘न’ बघत होतो,” मी म्हणालो.

बापू दोन पावलं मागे सरकले, आणि सोफ्यावर बसले. बसले ते बसलेच. चहा आला, गार झाला. सरकार पडल्याचा फोन आला तोही त्यांनी बसूनच घेतला. त्यांचा पगार कधी निघालाच नाही.

मी पुढे परीक्षा दिल्या आणि लेखापरीक्षणात लागलो. बापू गेले त्याच्या पुढच्या वर्षी तपासणीसाठी त्या तालुक्यात जाणं झालं तेव्हा आसरखेडला वाट वाकडी केली. दवाखाना लांबूनच कळला. अंगणभर गुरं बांधलेली होती, माणसं झाडाखाली बसली होती. म्हैसने एका गाईजवळ उभे होते, उजवा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात. नमस्कार करता येत नाही, हात आत आहे, असं ते म्हणाले. डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं. माणूस चांगला होता, मी बरंच शोधलं तरी तसाच निघाला. मागच्या क्वार्टरमधून रेवती चहा घेऊन आली. तिने मला ओळखलं, कप हातात दिला आणि एवढंच विचारलं की साखर अजून दोनच चमचे ना? मी हो म्हणालो. ती आत गेली. चहात साखर बरोबर होती.

वर दारावर पाटी होती. इस्माईलभाईंचंच अक्षर, रंग उडालेला. सरकार पडल्यावर बापू नागपूरच्या कॉटेजवरून ती उचकटून घरी घेऊन आले होते म्हणे, आणि दवाखान्याला पाटी नव्हती. स्वल्पविरामापुढच्या हातभर जागेत गावातल्या कुणीतरी गेरूने, वळणदार नसलेल्या अक्षरात, उरलेलं पुरं केलं होतं. ‘ना. बापूराव घोंगे, मंत्री, गुरांचा दवाखाना’.

झाडाखालचा एक म्हातारा माझ्याकडे, माझ्या बॅगेकडे आणि पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

“साहेब, तुमी कोनत्या खात्यातले?”

मी पाटीकडे बोट केलं. “याच,” म्हणालो.